सेहऱ्यामागची तारीख

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'ऐतिहासिक वास्तू आणि कायदा'. दुपारचं जेवण झालंय, तेव्हा कलमांनी सुरुवात केली तर तुम्ही झोपाल. म्हणून आधी एका फोटोबद्दल सांगते.

माझ्या थोरल्या चाचांच्या निकाहचा फोटो आहे. काळा-पांढरा, एका कोपऱ्यात बुरशी धरलेला. आमच्या गावच्या जुन्या मशिदीच्या दारात नवरदेव उभा आहे. त्या दारावर एक काळा दगड होता. कतबा. शाळेच्या पुस्तकात याला शिलालेख म्हणतात. अक्षरं कोरून खोल केलेली नव्हती, भोवतीचा दगड काढून उठावात ठेवलेली होती. लहानपणी दादा मला खांद्यावर घ्यायचे, मी त्या अक्षरांवरून बोट फिरवायची. दरवर्षी उरुसाच्या आधी जमातवाले त्याला प्रेमाने हिरवा ऑइलपेंट द्यायचे. रंगाचे इतके थर बसले होते की अक्षरं सुजल्यासारखी दिसायची.

मग मी मोठी झाले, आणि आमच्याकडे मुलगी मोठी झाली की तिचा मशिदीशी संबंध संपतो. त्यामुळे मशीद पाडून स्लॅबची नवी बांधायची ठरलं तेव्हा त्या बैठकीत मी नव्हते. कुठलीच बाई नव्हती. वर्गणी मात्र आम्ही सगळ्यांनी दिली. जागा खरोखर अपुरी पडत होती, जुम्म्याला लोक रस्त्यावर उभे राहायचे, तेव्हा नवी बांधायला माझा विरोध होता असं मी आज म्हणणार नाही. पण पुढे इतिहास शिकवायला लागल्यावर मला त्या दगडाची आठवण झाली आणि मी विचारत फिरले. एक जण म्हणाला नदीत सोडला, बेअदबी नको म्हणून. दुसरा म्हणाला मुतवल्लींच्या घरी आहे. शेवटी गवंडी भेटला. तो शांतपणे म्हणाला, "बाई, तो जोत्याच्या भरावात गेला."

उरला तो फोटो, चाचीच्या ट्रंकेत. तो मोठा करून एका जाणकारांना दाखवला. पहिली ओळ सहज लागली. मशीद बांधणाऱ्यासाठी अल्लाह जन्नतमध्ये घर बांधतो, या अर्थाची हदीस. ती पुष्कळ मशिदींवर असते. दुसऱ्या ओळीत बांधणाऱ्याच्या नावाचा पहिला भाग लागला. तिसरी ओळ, जिथे बहुधा तारीख होती, ती चाचांच्या सेहऱ्यामागे आहे.

आता कायद्याकडे येते, कारण हा सेहरा कायद्याच्या मध्ये उभा आहे.

1904 साली इंग्रज सरकारने प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये एका कायद्याने स्मारकांच्या याद्या एकदम 'राष्ट्रीय महत्त्वाच्या' ठरवल्या गेल्या; निजामाच्या हैदराबाद संस्थानातली, म्हणजे आपल्या मराठवाड्यातली स्मारकंही अशीच केंद्राकडे आली. मग 1958 चा आजचा कायदा आला: प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1960 चा. म्हणजे इमारत एक तर केंद्राच्या यादीत असते, किंवा राज्याच्या, किंवा कुठेच नसते. आपल्या बहुतेक जुन्या मशिदी, दर्गे, बारव, हमामखाने या तिसऱ्या खान्यात आहेत.

केंद्राच्या कायद्यात स्मारक किमान 100 वर्षं जुनं असावं लागतं. सरकार आधी इरादा जाहीर करतं, त्याची प्रत त्या वास्तूजवळ चिकटवली जाते, दोन महिने हरकतींसाठी असतात, मग राजपत्रात घोषणा होते. त्यानंतर तिला कुणी इजा केली तर 2010 च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याआधी होते तीन महिने आणि पाच हजार रुपये. पाच हजारांत तर बुलडोझरचं डिझेलही येत नाही.

पण हे सगळं सुरू होतं 'ही वास्तू इतकी जुनी आहे' हे सांगण्यापासून. आणि ते सांगायला आमच्याकडे तारीख नाही.

तुम्ही म्हणाल, सरकारी यादीत आलं की सुटलो. तसंही नाही. 2013 मध्ये कॅगच्या माणसांनी केंद्राच्या सुमारे 3,700 स्मारकांपैकी 1,655 ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. त्यांतली 92 जागेवर सापडलीच नाहीत! पुढे पुरातत्त्व खात्याने शोधाशोध केली. 2022 च्या संसदीय समितीच्या अहवालात हिशेब आहे: 42 सापडली, 14 शहरं वाढताना गेली, 12 धरणांच्या पाण्याखाली आणि 24 चा पत्ताच नाही. त्या 24 मध्ये पुण्यातली एक जुनी युरोपीय कबर आणि आगरकोटचा एक बुरूजही होता. मार्च 2024 मध्ये 18 स्मारकं यादीतून काढायचं ठरलं. कुणी ती रात्रीत चोरून नेली असं नव्हे. पुष्कळदा मूळ नोंदच अर्ध्या ओळीची असते: अमक्या गावाजवळची जुनी कबर. हद्द नाही, नकाशा नाही, फोटो नाही. शंभर वर्षांनी तिथे कॉलनी उभी राहिल्यावर कुठली कबर आणि कुठलं गाव?

नोंद नीट असली की काय होतं त्याचं उदाहरण नगरलाच आहे. शहराच्या पूर्वेला डोंगरावर ती तीन मजली अष्टकोनी इमारत आहे ना, तिला तुम्ही-आम्ही चांदबीबीचा महाल म्हणतो. सहली जातात, रील्स निघतात. ती चांदबीबीचीही नाही आणि महालही नाही. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे, आणि सरकारी नोंदीत तिचं तेच नाव आहे. लोकांच्या आठवणीत चांदबीबी उरली याचा मला आनंदच आहे, एका बाईच्या नावावर डोंगर आहे! पण कागद नसता तर सलाबतखान पुसला गेला असता. त्यानेच फराहबाग पुरा केला, 1583 मध्ये.

हे कागद कुणी केले? मुंबई इलाख्यात हेन्री कझिन्सने 1897 मध्ये गावोगावच्या अवशेषांची सुधारित यादी छापली. मराठवाड्याच्या बाजूला हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं आणि त्याचे प्रमुख झाले गुलाम यझदानी. अजिंठ्याच्या चित्रांवरचे त्यांचे ग्रंथ जगभर गाजले. बौद्ध लेण्यांसाठी आयुष्य घालवणारा हा माणूस अरबी-फारसी शिलालेखांच्या नियतकालिकाचाही संपादक होता. आपल्याला शाळेत हे नाव कुणी सांगितलं? मला नाही सांगितलं.

आणि आज हे काम कुठे चालतं माहीत आहे? नागपूरला. संपूर्ण देशातल्या अरबी-फारसी शिलालेखांची पुरातत्त्व खात्याची शाखा आपल्या नागपुरात आहे. झियाउद्दीन देसाई तिथले संचालक होते. पश्चिम भारतातल्या अरबी, फारसी आणि उर्दू लेखांची गाववार सूची त्यांनी केली. लेख उतरवायची पद्धत साधी असते. दगड स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांच्या खाचांत घालायचा आणि मग वरून शाई. कागद वाळून निघाला की दगडाचा ठसा हातात. पुढे दगड फुटला, बुडाला, जोत्यात गेला तरी तो वाचता येतो.

मी त्या सूचीत आमचं गाव शोधलं. नाही. कझिन्सच्या यादीत गाव आहे, पण नोंद फक्त हेमाडपंती देवळाची. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आमच्या दारापर्यंत येऊन कुणी वाचावं अशी वाट आम्ही बघत बसलो आणि हातात डबा होता तो हिरव्या रंगाचा.

तारखेबद्दल अजून एक गंमत, कारण तरुण मुलांना हे आवडतं. पुष्कळदा वर्ष आकड्यांत लिहिलेलंच नसतं. अबजद हिशेबात प्रत्येक अक्षराला किंमत आहे: अलिफ 1, बे 2, जीम 3, दाल 4, असं पुढे हजारापर्यंत. रिक्षावर 786 लिहितात ते याच हिशेबाने बिस्मिल्लाहचं. कवी शेवटची ओळ अशी रचायचा की अक्षरांची बेरीज म्हणजे मशीद बांधल्याचं हिजरी साल. म्हणजे एक अक्षर रंगाखाली गेलं तर साल चुकतं, आणि अख्खी ओळ सेहऱ्यामागे गेली तर काहीच उरत नाही. काही दगडांवर तर वर फारसी आणि खाली मराठी असते. आपण मराठी कधीपासून, असं विचारणाऱ्याला दाखवायला त्याहून चांगला कागद मला माहीत नाही.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे तो मीच विचारते, कारण चहाच्या वेळी तो तिघांनी विचारला. "मॅडम, नोंद केली की सरकार मशीद ताब्यात घेईल ना?"

या भीतीला मी हसणार नाही. केंद्रसंरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीशिवाय नाही. तुमचं घर त्या शंभरात असेल तर पडकी भिंत दुरुस्त करायलाही अर्ज लागतो. गरीब माणसाला हा जाच आहेच. ज्या स्मारकात संरक्षण मिळालं तेव्हा नमाज होत नव्हती, तिथे ती नव्याने सुरू करू देत नाहीत. 2025 च्या वक्फ दुरुस्ती कायद्यात तर असं कलम आलं की जी जागा वक्फ म्हणून घोषित होताना संरक्षित स्मारक होती, तिची ती घोषणा रद्दबातल. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमांना अंतरिम स्थगिती दिली, याला दिली नाही.

पण त्याच आदेशात न्यायालयाने 1958 च्या कायद्यातल्या ज्या तरतुदीवर बोट ठेवलं, ती पाठ करून ठेवा: कलम 5, पोटकलम 6. परंपरेने चालत आलेल्या धार्मिक वापराला त्या कलमाने बाधा येत नाही. आणि मालकाने पालकत्व खात्याकडे दिलं तरी मालकी मालकाकडेच राहते, हेही त्याच कलमात आहे. तेव्हा संरक्षण मागायचं की नाही, केंद्राचं की राज्याचं, हे प्रत्येक गावाने आपलं आपण वकिलाला विचारून ठरवावं. 'सगळीकडे अर्ज करा' असं मी सांगणार नाही.

नोंद ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती करायला ना राजपत्र लागतं, ना कुणाची सही. आणि उद्या कुणी येऊन 'ही इमारत कालची आहे' म्हणालं, तर संरक्षित नसलेल्या मशिदीलाच या कागदाची जास्त गरज पडणार आहे. वक्फच्या ज्या नोंदी मी पाहिल्या त्यांत गट नंबर आहे, क्षेत्रफळ आहे, चतुःसीमा आहे. पण कमानी किती, दगड कुठला, वर लेख आहे का, याचा शब्द नाही.

तुमच्या खिशात फोन आहे. मशिदीच्या चारही बाजू, मेहराब, छत, खांबाचा एक तरी तपशील, शेजारी मोजपट्टी ठेवून. लेख असेल तर समोरून फोटो काढून भागत नाही. संध्याकाळी टॉर्च अगदी बाजूने धरा, सावल्यांनी अक्षरं उठतात. खडू फासू नका, तेल लावू नका. रंग असेल तर तारेचा ब्रश आणि ॲसिड यांना हात लावू देऊ नका, माझ्या डोळ्यांसमोर एका ठिकाणी रंगाबरोबर अक्षरंही गेली आहेत. नागपूरच्या शाखेला फोटो पाठवून विचारा. सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा काढा, जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडा, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोला. पुरुष सांगतील कुणाच्या काळात काय बांधलं. बायका सांगतील दगड आधी कुठे होता.

आणि जमातीला भेटायला एकटं जाऊ नका. नवी मशीद बांधू नका, असं म्हणत गेलात तर चहासुद्धा मिळणार नाही. एवढंच म्हणा, की पाडायच्या आधी आम्हाला दोन दिवस द्या, आणि कतबा नव्या भिंतीत दिसेल असा बसवा. एका गावात माझ्या विद्यार्थ्यांनी हे केलं. तिथे तो दगड आता वजूखान्याच्या वर, काचेमागे आहे. काच जरा भपकेबाज आहे, चालेल.

घरी गेल्यावर एक काम करा. आपापल्या आईच्या, नानीच्या ट्रंकेतले लग्नाचे, सुंताचे, हजला निघतानाचे जुने फोटो बाहेर काढा. माणसं ओळखू येतात का ते नंतर बघा, आधी त्यांच्या मागे काय आहे ते बघा. आमच्या चाचांच्या निकाहला दोन फोटोग्राफर होते असं चाची परवा म्हणाली. दुसरा श्रीगोंद्याचा होता, तो कडेला उभा राहून फोटो काढत होता. त्याचा मुलगा अजून स्टुडिओ चालवतो म्हणे. येत्या रविवारी मी तिकडे जाणार आहे; दोघं-तिघं बरोबर आलात तर जुन्या निगेटिव्हचे डबे लवकर बघून होतील.