चाकांवरच्या घरात टीव्ही कुठे लावायचा?

(एपिसोडचं शब्दांकन. बोलण्यातले 'अं', 'म्हणजे' तेवढे कमी केलेत.)

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये, बसमध्ये किंवा भांडी घासताना ऐकत असाल, तर स्वागत. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. मोटरहोमच्या बैठकीची जागा टीव्ही नीट बघता यावा म्हणून बदलणं. 'अगं, फिरायला जाता की टीव्ही बघायला?' हा प्रश्न मला आत्तापर्यंत किमान दहा जणांनी विचारलाय. उत्तर पुढे येईल.

आधी ओळख. मी बीटेक कॉम्प्युटर, नोकरी सॉफ्टवेअरची, राहते अमेरिकेत अ‍ॅरिझोनामध्ये. दोन वर्षांपूर्वी मी आणि नवऱ्यानं एक जुनं मोटरहोम घेतलं, 'क्लास सी' प्रकारातलं, २४ फुटी. क्लास सी म्हणजे पुढे व्हॅनचं नाक, मागे घराचा डबा, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपीसारखा पुढे आलेला माळा. त्या माळ्यावर झोपायची जागा असते आणि त्याच्याच कोपऱ्यात कंपनीनं टीव्ही बसवलेला असतो. अशा गाड्यांमध्ये टीव्ही असा वरती का, तर पूर्वीचे टीव्ही म्हणजे दोन माणसांनी उचलायचे खोके होते. त्यांच्यासाठी खोल कपाट लागायचं, आणि तेवढं खोल कपाट फक्त तिथेच मिळायचं. खोके गेले, टीव्ही पाटीसारखे झाले, तरी आमच्या गाडीत जागा तीच राहिली.

आम्हा दोघांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आम्ही लॅपटॉपवर बघणारी माणसं. प्रश्न आला तो आईबाबा सहा महिन्यांसाठी येणार हे ठरल्यावर.

बाबा एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. चॅसिसवर बसचा सांगाडा उभा करणं, पत्रा मारणं, रिव्हेट ठोकणं, यात त्यांची तीस वर्षं गेली. त्यात मान गेली. मानेचा स्पाँडिलायसिस आहे, वर बघितलं की चक्कर येते आणि डाव्या हाताला मुंग्या येतात. आणि बाबा हे कधी सांगत नाहीत. पहिल्याच ट्रिपला आयपीएलची मॅच लावली, तर ते सोफ्यावर डोळे मिटून बसले. मी म्हटलं, "बाबा, झोप येतेय का?" तर म्हणाले, "नाही गं, ऐकतोय. कॉमेंट्री चांगली आहे." धोनी बॅटिंगला आला तरी डोळे मिटलेलेच! आई ओट्यापाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मान दुखतेय त्यांची. दोन दिवस झाले."

म्हणून सांगते, हा टीव्हीचा हट्ट कुठून आला ते. बाबांना दिवसभर चालवत नाही. सकाळी तासभर फिरून आले की ते थकतात, मग मॅच हाच त्यांचा विरंगुळा. तोही डोळे मिटून करायचा असेल, तर त्यांना आणलं कशाला?

आता जरा आकडे. घाबरू नका, दहावीची त्रिकोणमिती पुरते.

सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंचांवर असतात. आमच्या टीव्हीचा मध्य होता ७० इंचांवर. फरक २८ इंच. टीव्हीपर्यंतचं आडवं अंतर ६० इंच. २८ भागिले ६०, त्याचा कोन येतो २५ अंश. आरामात बघायचं तर १५ अंशांच्या वर जाऊ नये असं धरतात. आणि हे सरळ समोर बसलेल्या माणसाचं झालं. आमचा सोफा भिंतीला पाठ लावून आडवा, टीव्ही पुढच्या कोपऱ्यात. म्हणजे मान वरही करायची आणि वळवायचीही. मानेच्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट जे करू नका म्हणून सांगतात, नेमकं तेच चार तास.

दुसरा आकडा टीव्हीच्या मापाचा. दृष्टीच्या कक्षेत पडद्यानं साधारण ३० अंश जागा व्यापली की बघायला बरं वाटतं. त्याचं सोपं सूत्र असं: टीव्हीचं इंचातलं माप गुणिले १.६ म्हणजे बसायचं अंतर. ३२ इंची टीव्हीला ५१ इंच, ४० इंचीला ६४ इंच. घरी हॉलमध्ये ५५ इंची लावून दहा फुटांवर बसता ना, तिथेही हे करून बघा, गंमत वाटेल.

अमेरिकेत गाडीची बाहेरची रुंदी जास्तीत जास्त १०२ इंच चालते. जुन्या क्लास सी त्याहून थोड्या कमी रुंद असतात आणि भिंतींची जाडी वजा करावी लागते. आमच्या गाडीत आतून टेपनं मोजलं तर ९४ इंच भरले. सोफ्यावर बसलेल्याचं डोकं भिंतीपासून २२ इंच पुढे येतं, समोरच्या भिंतीवरचा टीव्ही ६ इंच पुढे येणार. उरले ६६. म्हणजे टीव्ही समोरच्या भिंतीवर आणला तर ४० इंची अगदी फिट बसतो. कोन शून्य, मान सरळ. कागदावर सगळं सुटलं!

पण समोरच्या भिंतीवर काय आहे? खिडकी. आणि खिडकीखाली डायनेट, म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखी समोरासमोर दोन बाकं आणि मध्ये टेबल. यूट्यूबवर या विषयाचे व्हिडिओ बघाल तर बहुतेक जण पहिल्यांदा हे डायनेट उपटतात. तिथे टीव्हीचं कपाट करतात, झालं. मला तो उपाय पटला नाही, त्याची कारणं दोन.

पहिलं कारण आई. ते टेबल तिचं आहे. भाजी निवडणं, लसूण सोलणं, औषधांचे डबे भरणं, बहिणीला व्हिडिओ कॉल, सगळं तिथे. गाडीतली तेवढीच जागा ती 'माझी' म्हणते.

दुसरं कारण बाबांनी काढलं, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. गाडी चालू असताना माणसं बसणार कुठे? आम्ही दोघं पुढे, आईबाबा डायनेटच्या पुढे तोंड असलेल्या बाकावर, कारण तिथे सीटबेल्ट आहेत आणि त्या बेल्टचे नट खाली लोखंडी सांगाड्याला आवळलेले आहेत. बाबा गुडघ्यावर बसून टॉर्च मारून ते बघून आले. म्हणाले, "हे बाक हलवायचं नाही. प्लायवूडला बेल्ट बांधून उपयोग नसतो, बाळा. धक्का बसला की माणूस बेल्टसकट पुढे येतो." तुम्ही असं काही करणार असाल तर एवढं लिहूनच ठेवा: धावत्या गाडीत जिथे माणूस बसणार, ते आसन आणि त्याचा बेल्ट यांना हात लावायचा नाही.

मग हलवता येण्यासारखं राहिलं काय? सोफा. आमचा सोफा 'जॅकनाइफ' प्रकारचा, पाठ सपाट पाडली की पलंग होतो. पण आईबाबा मागच्या पलंगावर झोपतात, आम्ही माळ्यावर. सोफ्याच्या पलंगाची गरजच नव्हती. तो गेला आणि त्याच्या जागी दोन रिक्लायनर आले.

रिक्लायनर घेताना दोन गोष्टी बघा. एक, भिंतीलगत ठेवूनही मागे कलणारा प्रकार मिळतो, तो घ्यायचा. त्यात बैठक पुढे सरकते, पाठीमागे फक्त काही इंच जागा लागते. दोन, पाठ निघणारी हवी. आमचं दार २६ इंच रुंद आहे, अख्खी खुर्ची आत जाणं अशक्य. पाठ वेगळी, बैठक वेगळी नेली आणि आत जोडली.

सोफा उचलल्यावर खाली हीटरची जाळी आणि वायरींचा जुडगा निघाला. गरम हवेची जाळी झाकायची नाही, म्हणून खुर्च्या चार इंच मागेपुढे करून बसवल्या. वायरी कुठून जातात त्याचे फोटो काढले, मगच जमिनीला भोकं पाडली. खाली पाण्याची टाकीही असू शकते, त्यामुळे गाडीखाली झोपून एकदा बघाच. बोल्ट आरपार, खालून लोखंडी पट्टी. या खुर्च्या फक्त उभ्या गाडीतल्या, धावत्या गाडीत त्यावर कुणी बसत नाही.

आता टीव्ही. खिडकी बुजवायची नव्हती. बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न तर भारी होता: "ही खिडकी संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग आहे का?" एसटीत बसलेल्या प्रत्येकानं वाचलेली ओळ! मोटरहोममध्येही लाल हँडलची अशी खिडकी असते. आमची मागच्या पलंगापाशी आहे, त्यामुळे ही मोकळी.

मग खिडकीच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. वर कपाटाच्या चौकटीला, खाली बाकांच्या चौकटीला. मध्ये एक आडवी पट्टी, तिला टीव्ही अडकवायचा आणि दोन मुठी फिरवून आवळायचा. मॅच संपली की काढायचा, रजईत गुंडाळून माळ्यावर पट्ट्यानं बांधायचा. खिडकी परत मोकळी. टेबल ३० इंचांवर, टीव्हीची खालची कड साडेएकतीसवर. दीड इंच सुटतो. त्या दीड इंचासाठी आम्ही अर्धा रविवार घातला.

भिंतीबद्दल थोडं, कारण इथे लोक फसतात. अशा गाडीची भिंत म्हणजे तीनेक मिलिमीटरचं प्लाय, आत थर्माकोलसारखा फोम आणि अधूनमधून लाकडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या. घरच्यासारखा स्क्रू मारला तर तो प्लायमध्ये बसतो आणि पहिल्या खड्ड्याला टीव्हीसकट बाहेर येतो. मी फोनवर नळी शोधायचं अ‍ॅप उघडलं होतं. तोवर बाबांनी बोटाच्या पेरानं भिंत ठोकत ठोकत पेन्सिलीनं चार खुणा करून ठेवल्या. चारही बरोबर. पोकळ नळीला रिव्हेट नट बसवला, त्यात बोल्ट. सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा. त्यावर बाबांनी मार्करनं नटापासून पट्टीपर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पहिली ट्रिप मुद्दाम कच्च्या रस्त्यानं नेली, रिकाम्या पट्टीसकट. एकही रेघ तुटली नाही.

उजेडाचं मात्र मला आधी लक्षात आलं, बाबांच्याही आधी. भारतात संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मॅच अ‍ॅरिझोनात सकाळी सातला असते. म्हणजे आमचा 'प्राइम टाइम' आणि तिरपं ऊन एकाच वेळी! टीव्हीच्या मागेच खिडकी, त्यामुळे पडद्याभोवती उजेडाची चौकट दिसते आणि डोळे दुखतात. तिथे पूर्ण अंधार करणारा पडदा लावला. पण रिक्लायनरच्या पाठीमागेही एक खिडकी आहे, आणि तिचं प्रतिबिंब थेट पडद्यावर. फुकटातला उपाय असा की गाडी लावतानाच नाक उत्तरेला किंवा दक्षिणेला न ठेवता पूर्वेला ठेवायचं. मग ऊन समोरच्या काचेतून येतं, तिथे पडदा ओढला की संपलं.

विजेचं पटकन सांगते. टीव्ही ६० वॅट. चार तास म्हणजे २४० वॅट-तास, इन्व्हर्टरचं नुकसान धरून २७०. नेट सॅटेलाइट डिशवरून, तिचे आणखी १२०. एकूण ३९०. आमची लिथियम बॅटरी १०० अँपिअर-तासांची, १२.८ व्होल्ट, म्हणजे १२८०. एका मॅचला ३० टक्के. छतावरचं सोलर दुपारपर्यंत ते भरून काढतं. जुनी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची असते, त्यामुळे डबल हेडरच्या दिवशी हाल. राष्ट्रीय उद्यानांत जनरेटर ठरावीक वेळेतच लावू देतात, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांसाठी एक वाक्य. २०२१ साली राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करणारे बरेच जण मला मेसेज करतात. तुमची आतली रुंदी आमच्याहून कमी असणार. आधी टेप लावा, १.६ नं भागा, जो आकडा येईल तोच टीव्ही. दुकानात जाऊन मग मोजू नका.

आणि सुरुवातीचा तो प्रश्न, फिरायला जाता की टीव्ही बघायला. मागच्या आठवड्यात फ्लॅगस्टाफजवळ होतो. बाबा रिक्लायनरवर, पाय वर, डोळे उघडे. आई समोरच्या बाकावर मटार सोलतेय, तिला टीव्ही दिसतच नाही, तिला बाबा दिसतात. ती त्यांच्या चेहऱ्यावरून स्कोअर सांगते. "गेला वाटतं कुणीतरी." आणि खरंच विकेट गेलेली असते. मॅच संपल्यावर बाबा स्वतःच म्हणाले, चला, त्या पाइनच्या झाडांपर्यंत जाऊन येऊ.

एक काम उरलंय. आईला टीव्हीच्या पट्टीवर ओले टॉवेल वाळत घालायला हूक हवेत. बाबा म्हणतात, पट्टीवर वजन टाकायचं नाही. वाटाघाटी सुरू आहेत. मापांचा कच्चा आराखडा हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. चला, बाय!