टाकी धरणारा हात

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. त्यात दगडाची बाजू आली. पण ज्या हातात टाकी असते, तो हात घडतो कुठे?

इटलीतील पोसान्यो गावी १७५७ साली अंतोनिओ कानोव्हा जन्मला. वडील लवकर वारले. आजोबा पाथरवट, त्यांच्याच कामावर तो टाकी धरायला शिकला. व्हेनिसच्या फालिएर नावाच्या उमरावाने त्याचा हात हेरला आणि त्याला एका शिल्पकाराच्या हाताखाली घातले. पुढे संगमरवरात त्याची बरोबरी करणारा युरोपात विरळाच निघाला. गंमत पाहा, या संगमरवराचा आरंभही मातीतच व्हायचा. आधी मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती, मग तिची मापे बिंदूबिंदूने दगडावर. ढोबळ दगड मदतनीस उतरवीत; शेवटचा हात कानोव्हाचा.

आता आपल्याकडे या. अलिबागजवळच्या सासवण्यात १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरी वडील गणपतीच्या मूर्ती करीत. मुलाचे बोट मातीत वळले ते तिथेच. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजीमहाराजांचे चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले, आणि पोरगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे कलकत्ता, लंडन. आणि १९२८ साली पुण्यात उभा राहिला तो त्यांचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा. घरच्या गणपतीची माती दीड दिवसात पाण्यात जाई. त्याच हाताचे हे काम मात्र आजही उभे आहे. १९६२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९६७ साली ते निवर्तले. सासवण्याच्या त्यांच्या घरी त्यांची शिल्पे तुम्हाला पाहता येतात.

दोन्ही गोष्टींत घराने हात दिला आणि बाहेरच्या माणसाने वाट दाखवली. यांतले एक जरी चुकले असते, तरी आपल्याला ही नावे ठाऊक झाली नसती.

तुम्ही वरठीचे असा की भंडाऱ्याचे, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवणारा सुतार, गणपती करणारा कुंभार तुमच्या ओळखीचा असेलच. त्याच्याशेजारी बसून बैलाचे वशिंड घासणारे, सोंडेला बोट लावणारे एखादे पोर असते. ‘ऊठ, खेळ पुरे’ म्हणण्याआधी त्याने काय केले आहे ते जरा निरखून पाहा. गावोगाव रॉथफील्डसाहेब यायचे कुठून? ते काम आपल्यालाच करावे लागणार.