मनगटी कशी गाठवावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि बोलणे होते ते घरच्या माणसांशी नाही तर भाजीवाल्याशी. परंतु संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या हातातली लटकनांची साखळी पाहून चारचौघींनी विचारले की, ही कोणत्या दुकानातून घेतली? घेतली नाही, घरी जुळवली, असे मी म्हटले. तेव्हा अध्यक्षाबाईंनी फर्मावले की, कशी जुळवली ते सर्वांनाच सांगा. त्यांचा शब्द मोडवत नाही, म्हणून उभी राहिले आहे.

या दागिन्याला इंग्रजीत चार्म ब्रेसलेट म्हणतात. हातातल्या साखळीला लहान लहान लटकने अडकवायची, आणि प्रत्येक लटकन आपल्या एखाद्या माणसाचे, गावाचे किंवा प्रसंगाचे. नाव परके असले तरी कल्पना आपल्याला नवी नाही. तान्ह्या बाळाच्या हातात आपण काळ्या नि सोन्याच्या मण्यांच्या मनगट्या घालतोच. काही घरांत आईच्या गळ्यातल्या जिवतीजवळ मुलामागे एकेक मणी वाढवतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने तरी वेगळे काय केले? १८४० साली तिला पहिली मुलगी झाली तेव्हा तिच्या यजमानांनी, प्रिन्स आल्बर्टने, तिला हातातली सोन्याची साखळी दिली. पुढे प्रत्येक मुलामागे तिच्यात मीनाकामाचे एक बदामी लॉकेट वाढत गेले, आणि त्यात त्या त्या मुलाचे केस ठेवलेले असत. मुले नऊ झाली, बदामही नऊ झाले. राणीला हिरेमाणकांचा तोटा नव्हता. तरी मुलांचे केस तिला हाताशी असावेसे वाटले. आईचे मन सगळीकडे सारखेच.

आता कृतीकडे वळते. माझे पहिले सांगणे असे की, सुरुवात इतवारीच्या सराफ्यात करू नये, आपल्या कपाटातल्या डबीत करावी. प्रत्येक घरात अशी एक डबी असते. फिरकी हरवलेली कुडी, बाळाच्या वाळ्याचे घुंगरू, तुटलेल्या माळेचे मणी, एखादे जुने नाणे, असे काहीबाही तिच्यात पडून असते. ते सारे पांढऱ्या फडक्यावर मांडावे आणि एकेक नग हातात घेऊन तो कोणाचा, कसा आला, हे घरच्यांना सांगावे. ज्याविषयी सांगण्यासारखे काही नाही तो नग कितीही सुबक असला तरी परत डबीत टाकावा. उरलेल्यांतून पाच निवडावेत. पहिल्या खेपेस पाच पुष्कळ झाले.

हे मी अनुभवाने सांगते. आमची आई गेली तेव्हा तिच्यामागे दागिना असा उरलाच नव्हता. बांगड्या वडिलांच्या आजारपणात गेल्या, हार धाकट्या बहिणीच्या लग्नात मोडला. डबीत निघाले ते एवढेच: बोरमाळेतले सुटे सहा मणी, किल्ल्यांच्या छल्ल्याची चांदीची सहा घुंगरे, जोडव्यांची एक जोडी आणि एक भोकाचा पैसा. आम्ही तिघी बहिणी. थोरलीचे म्हणणे, धाकटीचा वाटा हाराबरोबर तेव्हाच गेला. धाकटीचे म्हणणे, शेवटची दोन वर्षे अंथरुणातले सारे मी केले. शेवटी, सगळे मोडीत घालून पैसे तिघींत वाटावेत, असे निघाले. मण्यांतली लाख वजा जाता सोने ते किती! पण एवढ्याशासाठी दोघी बोलेनाशा झाल्या. वर्षभर महालक्ष्म्यांच्या जेवणालाही एकमेकींच्या घरी गेल्या नाहीत.

मी मधली. मी दोघींना माझ्या घरी बोलावले आणि सगळे नग फडक्यावर मांडले. प्रत्येकीला दोन मणी, दोन घुंगरे, आणि राहिलेल्या तिनांतला एकेक नग, असे म्हटले. थोरलीने आधी उचलावे असे ठरले. मला वाटले, ती जोडवे उचलेल. तिने उचलला भोकाचा पैसा! हे तांबड्या धातूचे पैसे १९४३ पासून १९४७ पर्यंत निघाले. सराफाच्या तागडीत त्याला किंमत शून्य. ती म्हणाली, "माझ्या लहानपणच्या फोटोत हा माझ्या करगोट्यात आहे. आईने बांधलेला." त्यावर धाकटी काही बोलली नाही. तिने उठून चहा ठेवला. अशा आमच्या तीन मनगट्या झाल्या. हाराचा प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही, परंतु यंदा महालक्ष्म्यांना दोघी एका पंगतीला बसल्या. ते सारे मोडीत गेले असते तर ही पंगत झाली नसती. तेव्हा, भगिनींनो, डबीतले मोडीत घालण्यापूर्वी एकदा फडक्यावर मांडा, एवढेच माझे म्हणणे.

माझ्या वाट्याला जोडवे आले. शेजारच्या आजींनी विचारले, "अगं, पायातले हातात?" मी म्हटले, "आजी, आईच्या पायातले आहे, डोक्यावर ठेवले तरी चालेल."

आता मापाचे. मनगटाभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी घ्यावी आणि तिच्यात पाऊण ते एक इंच वाढवावा, कारण लटकनांना हलायला जागा लागते. साखळी कड्याकड्यांची आणि मजबूत घ्यावी. नाजूक साखळीला जड लटकन म्हणजे नाकापेक्षा मोती जड! सर्वांत वजनदार नग मधोमध, हलके दोन्ही बाजूंस, आणि दोन नगांत थोड्या कड्या मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे गुंता होत नाही. ज्याला टोक आहे असा नग घेऊ नये. तो पदराच्या जरीत हमखास अडकतो. हिरव्या काचेच्या बांगड्या असतील तर साखळी दुसऱ्या हातात घालावी.

लटकनाची बारीक कडी घरी बसवायची झाल्यास दोन चिमट्यांनी तिची टोके एक पुढे, एक मागे अशी वळवावीत. बाजूला फाकवून ओढली तर ती पुन्हा नीट मिटत नाही. मौल्यवान नगाची कडी मात्र सोनाराकडून झाळून घ्यावी. लाखेवरचे मणी असतील तर आधी तसे सांगावे, कारण आच लागली की लाख वितळते. असे मणी पटवेकऱ्याकडून रेशमात गाठवून घेणे बरे.

कसाचेही पाहावे. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणात चौदा कॅरेटहून चढ्या सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली होती. ते बंधन पुढे उठले, आणि सुवर्णनियंत्रणाचा कायदाही १९९० साली रद्द झाला. पण त्या काळचा नग बावीस कॅरेटचाच असेल असे धरून चालू नये, कस लावून घ्यावा. हल्ली बावीस कॅरेटच्या हॉलमार्कवर ९१६ हा आकडा असतो. परंतु दोन ग्रॅमहून कमी वजनाच्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि आपली लटकने बहुधा तेवढीच असतात. म्हणून ती ओळखीच्या दुकानातून घ्यावीत आणि पावती मागून घ्यावी. चांदी ९२५ ची, म्हणजे हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी असलेली घ्यावी. अगदी शुद्ध चांदी मऊ पडते. स्वस्त धातूच्या लटकनात निकेल असले तर पुष्कळ जणींना खाज सुटते.

एक गोष्ट बजावून सांगते. लटकनांची साखळी तान्ह्या बाळाच्या हातात घालू नये. सुटलेले लटकन बाळ तोंडात घालते आणि ते घशात अडकते. कणीक मळतानाही ती काढून ठेवावी.

डबीत काही नसेल तर? तर नवे घडवावे, पण आपले घडवावे. दुकानात तयार बदाम नि चांदण्या पुष्कळ मिळतात. आपण नागपूरकरांनी तान्ह्या पोळ्याचा चिमुकला बैल का घडवू नये? नातू पहिल्यांदा लाकडी बैल ओढत घरोघर गेला, त्या वर्षीचा तो बैल. किंवा मुलगी सासरी दूर गेली, तिच्यासाठी चांदीची संत्र्याची फाक. एका वर्षात सगळे करू नये; एका प्रसंगाला एक नग, म्हणजे खर्चही अंगावर येत नाही.

आणि शेवटी, साखळीच्या सगळ्या कड्या भरू नका. दोन-तीन कड्या रिकाम्या राहू द्या. त्या आपल्या मुलीसुनांच्या. त्यांत काय अडकवायचे ते त्या ठरवतील.