तापली नळी, गार हात



चुलीजवळची लोखंडी फुंकणी आपल्यापैकी बहुतेकांनी हाताळली आहे. तिचे टोक निखाऱ्यात राहून गेले आणि ती घाईने उचलली, तर काय होते हे सांगावयास नको. मग घरची बाई काय करते? फडक्याची घडी घेते आणि त्या घडीत धरून फुंकणी उचलते. आज मला बोलावयाचे आहे ते अशाच एका नळीविषयी. ती नळी आहे रायफलीची. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुले सैन्यात आणि राखीव पोलीस दलात आहेत. त्यांच्या हातातली नळी तापते, पण हात भाजत नाही. हे कसे साधते, आणि त्यातून आपल्या घराला व शाळेला काय घेता येईल, एवढेच आज पाहू.

प्रथम, नळी तापते का? मलकापूरहून रेल्वेने भुसावळकडे निघालो की वाटेत वरणगाव लागते. तेथल्या कारखान्यात रायफलीची काडतुसे तयार होतात. काडतुसातली दारू पेटली म्हणजे क्षणात अतिशय तापलेला वायू तयार होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. पण दारूतली सगळी शक्ती गोळीच्या वाट्याला येत नाही. साधारण तिसरा हिस्सा गोळी घेऊन जाते. उरलेल्यापैकी काही धगधगत्या वायूबरोबर बाहेर पडते आणि बरीचशी नळीच्या पोलादात मुरते. एका गोळीने फारसे जाणवत नाही. पण लागोपाठ वीस-तीस गोळ्या सुटल्या की नळीला हात लावण्याची सोय राहत नाही. ६० अंश तापलेल्या लोखंडाला पाचेक सेकंद हात टेकला तरी कातडी भाजते. नळी तर त्याच्याही पुष्कळ पुढे जाते.

यावर जुना उपाय लाकडाचा. इंग्रजी अमलात आपल्या पलटणींच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल होती. १९०३-०४ च्या सुमारास तिचा आखूड नमुना निघाला. त्यात नळी जवळजवळ तोंडापर्यंत खालून आणि वरून लाकडाने झाकलेली होती. नळीवरच्या या पांघरुणाला हॅण्डगार्ड म्हणतात. पोलादाच्या मानाने लाकडातून उष्णता काही शेकडा पटींनी कमी वाहते. आपल्या सराट्याला लाकडी मूठ बसवतात, ती याचसाठी.

बरं, मग लाकूड नळीला अगदी घट्ट चिकटवून बसवले तर काम झाले का? नाही. लाकडात उष्णता सावकाश का होईना झिरपतेच. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगते, नळीला रेटते आणि नेम चुकवते. म्हणून नळी आणि पांघरूण यांच्यात फट ठेवतात. त्या फटीत असते हवा. आणि कोंडलेली हवा लाकडाहूनही कमी उष्णता वाहून नेते. गोधडी ऊबदार असते ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळेच.

पण येथेच खरी मेख आहे. फुंकणीभोवतीचे फडके हात वाचवते, फुंकणी गार करीत नाही. नळीचेही तसेच आहे. तिला नुसते गुंडाळून ठेवले, तर हात गार राहील आणि नळी मात्र आतल्या आत तापत राहील. म्हणून पुढे हॅण्डगार्डला खालून आणि वरून भोके आली. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या भोकांतून निघून जाते आणि खालून गार हवा तिची जागा घेते. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीत अशी भोके आहेतच. शिवाय आतून ॲल्युमिनियमचा पातळ, चकचकीत पत्रा आहे. चुलीसमोर बसले म्हणजे न शिवताही तोंडाला धग लागते ना? मध्ये सूप धरले की ती थांबते. तो पत्रा तेच काम करतो.

अलीकडे ॲल्युमिनियमचेच हॅण्डगार्ड निघाले आहेत. ते हलके आणि मजबूत असतात. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या चौपट-पाचपट उष्णता वाहते. म्हणून ते नळीला शक्य तितके कमी टेकवतात आणि त्यांना भरपूर झरोके ठेवतात. तरी लागोपाठच्या गोळीबारात हातमोजे लागतातच, आणि नळीला विसावा द्यावाच लागतो.

म्हणजे तीन गोष्टी झाल्या: मध्ये अंतर ठेवणे, तापलेल्या हवेला वाट देणे आणि धग परतवणे.

आता आपल्या डोक्यावर पाहा. मे महिन्यात घाटाखाली पारा ४० अंशांच्या वर चढतो. पत्र्याच्या खोलीत बसलेल्या मुलाची स्थिती तापल्या नळीला हात लावल्यासारखीच असते. अशा वेळी पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तुराट्यांचा किंवा बांबूचा तट्टा बांधावा. हे झाले अंतर. पण ती पोकळी चारी बाजूंनी बंद करू नये. वळचणीला आणि आढ्याजवळ झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल. ही झाली वाट. आणि उन्हाळा लागण्यापूर्वी पत्र्यावर बाहेरून पांढरा चुना मारावा, म्हणजे बरेचसे ऊन परत फिरेल. एक काळजी मात्र घ्यावी. तुराट्या चटकन पेट घेतात. म्हणून चुलीवर असा तट्टा बांधू नये आणि विजेच्या तारा त्याला लागू देऊ नयेत.

शिक्षक मित्रांनी वर्गात एक प्रयोग करावा. दोन सारखे पेले घेऊन त्यांत सारखेच गरम पाणी भरावे. एकाला जाड कागद घट्ट गुंडाळावा. दुसऱ्याभोवती त्याच कागदाची बोटभर मोठी नळी करून ती खड्यांवर उभी ठेवावी. वर-खाली वाट मोकळी राहील असे पाहावे. थोड्या वेळाने दोन्ही कागदांना हात लावून पाहावा. मग दुसऱ्या नळीच्या तळाशी उदबत्ती धरावी. धूर खालून आत शिरून वरून बाहेर येताना मुलांना दिसेल.

आणि सुटीवर आलेला एखादा जवान गावात असेल, तर त्या दिवशी त्याला शाळेत अवश्य बोलवावे. तापलेल्या नळीचा अनुभव त्याच्या तोंडून ऐकला म्हणजे हा धडा मुलांच्या कायमचा लक्षात राहील.