समाधान होणे आणि समाधान मानणे
(मुनिरका, नवी दिल्ली येथे मराठी वाचकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयातील ज्या शब्दाने मला सर्वांत अधिक अडवले तो अगदी घरगुती आहे: समाधान. दातांच्या सौंदर्योपचारांविषयीचे इंग्रजी लेखन वाचू लागले की रुग्णाच्या समाधानाचे गुण आणि टक्के पानोपानी भेटतात. ते मराठीत आणताना भाषांतरकाराची लेखणी थबकते, कारण आपल्या भाषेत समाधान होते आणि समाधान मानूनही घेतले जाते. पहिल्यात मनाची खरी तृप्ती असते, दुसऱ्यात बहुधा एक दीर्घ उसासा. प्रश्नावलीच्या चौकटीत मात्र दोघांनाही एकच खूण मिळते.

मुनिरक्याच्या बाजारातून फिरताना दंतवैद्यांच्या पाट्यांवर 'स्माइल डिझाइन' हे शब्द आपण वाचले असतील. संगणकाच्या पडद्यावर आधी हास्य रेखाटायचे आणि मग दातांना हात लावायचा, ही पद्धत आज 'डिजिटल स्माइल डिझाइन' या नावाने ओळखली जाते. ब्राझीलचे ख्रिस्तियन कोचमन यांनी ती नावारूपाला आणली. कालामिता यांच्यासह त्यांनी २०१२ साली लिहिलेला लेख या क्षेत्रात वारंवार उद्धृत होतो. कोचमन हे दंतवैद्य तर आहेतच, पण दात घडवणारे प्रयोगशाळेतील तंत्रज्ञही आहेत, आणि या पद्धतीवर त्या दुसऱ्या व्यवसायाची छाप स्पष्ट दिसते.

तिच्यामागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३० च्या दशकात हॉलिवूडमधील दंतवैद्य चार्ल्स पिंकस हे नटनट्यांच्या दातांवर पातळ कवचे तात्पुरती चिकटवीत. चित्रीकरण संपले की ती काढून ठेवली जात. १९५५ साली मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले की दाताच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कठीण कवचावर, फॉस्फोरिक आम्ल लावले असता त्यावर राळ घट्ट धरते. १९८३ च्या सुमारास हीच युक्ती चिनी मातीच्या पातळ पापुद्र्यांना लागू झाली आणि नटांचे तात्पुरते कवच सामान्य माणसाच्या तोंडात कायमचे बसले. त्यालाच आज व्हिनिअर म्हणतात. ते बसवण्यासाठी पुष्कळदा दाताचा पृष्ठभाग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास घासावा लागतो. हे अर्धे मिलिमीटर लक्षात ठेवावे. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. घासलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही.

आता पद्धत पाहू. रुग्णाच्या चेहऱ्याची छायाचित्रे काढतात: मोकळे हसताना, ओठ विसावलेले असताना, ओठ बाजूला ओढून. बोलतानाचे छोटे चित्रणही घेतात, कारण स्थिर छायाचित्रातले हसू अनेकदा छायाचित्रकाराच्या आज्ञेने आलेले असते. मग पडद्यावर दोन्ही बाहुल्यांना जोडणारी आडवी रेषा आणि चेहऱ्याची मध्यरेषा आखतात, त्या दातांवर उतरवतात आणि प्रत्येक दाताची लांबी-रुंदी ठरवतात. पुढच्या मधल्या दाताची रुंदी लांबीच्या सुमारे ७५ ते ८० टक्के असावी, असा एक प्रघात आहे. इथपर्यंत सारे काम चित्राचे. यापुढची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. त्या आराखड्यावरून मेणाचा किंवा छापील नमुना करतात, त्याचा सिलिकोनचा साचा घेतात, साच्यात तात्पुरते द्रव्य भरून तो न घासलेल्या दातांवर दाबतात. काही मिनिटांत नियोजित दात रुग्णाच्या स्वतःच्या तोंडात दिसू लागतात. पसंत नसल्यास ते काढून टाकता येतात. याला आपण चाचणी-रूप म्हणू.

भाषांतराच्या व्यवसायात कच्चा खर्डा म्हणतात तो हाच. खर्ड्यावर लेखकाला लाल पेन्सिल चालवता आली पाहिजे; छापून झाल्यावर दाखवलेला खर्डा ही निव्वळ औपचारिकता होय.

चाचणी-रूप तोंडात असताना रुग्णाला आरशात पाहायला सांगतात आणि बोलायलाही सांगतात. इंग्रजी पुस्तकांत त्यासाठी 'एफ्' आणि 'एस्'चे शब्द दिलेले असतात. दिल्लीतल्या मराठी माणसाने, माझे ऐकाल तर, चाक, जात, झाड हे शब्द म्हणून पाहावेत. हे आपले दंत्य उच्चार हिंदीच्या घडणीत नाहीत, त्यामुळे येथील दंतवैद्याला ते सुचण्याचा संभव कमी. आणि दातांची मागची बाजू किंचित जाड झाली तरी जीभ तेथेच अडखळते. आयुष्यभर ज्या तोंडाने मराठी बोलायची त्या तोंडाची परीक्षा मराठीतच व्हावी, यात मला काही वावगे दिसत नाही.

या चाचणीलाही मर्यादा आहे. तिच्यात दातावर भर घालता येते, दात कमी करता येत नाही. पुढे आलेला दात आत घेतल्यावर कसा दिसेल हे पडदा दाखवू शकतो, तोंड दाखवू शकत नाही. पडद्यावरचे हास्य अशा वेळी नुसते आश्वासन असते, आणि आश्वासन जितके रेखीव तितकी अपेक्षा चढी. दंतवैद्यांना हे ठाऊक असते. रुग्णाला ते सांगितले जातेच असे नाही.

समाधान मोजतात कसे? काही ठिकाणी दहा सेंटिमीटरची रेघ देऊन तिच्यावर खूण करायला सांगतात. १९९७ पासून प्रचारात असलेल्या चौदा प्रश्नांच्या एका प्रश्नावलीत उच्चार, चव, वेदना, संकोच यांची विचारणा असते. २००६ साली जर्मनीतील संशोधकांनी केवळ दातांच्या सौंदर्याच्या मानसिक परिणामासाठी तेवीस विधानांची वेगळी प्रश्नावली तयार केली. ही साधने चांगली आहेत. पण प्रश्न विचारतो कोण आणि केव्हा? उपचार संपताच, त्याच खुर्चीजवळ, ज्याने दात केले त्याच्याच समक्ष विचारले असता आपल्यापैकी किती जण 'नाही आवडले' म्हणतील? पैसे दिलेले असतात, दात घासलेले असतात, डॉक्टरसाहेब सौजन्याने उभे असतात. 'छान झालं' म्हणून माणूस मोकळा होतो. तेथे समाधान मानले जाते.

आणि सुंदर कशाला म्हणावे? कुंदकळ्यांची उपमा आपल्याकडे जुनी आहे, तरी एके काळी महाराष्ट्रातील सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत आणि ते शोभेचे मानले जाई. जपानमध्येही दात काळे करण्याची रीत शतकानुशतके होती. संगणकातील दातांच्या आकृत्यांना यांपैकी काही ठाऊक नाही. दोन दातांमधली आईकडून आलेली फट ठेवायची की बुजवायची, हे सांगण्याचा अधिकार चेहऱ्याच्या मालकाचाच.

यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत भूजलात फ्लोराइड अधिक असल्याने लहानपणीच दातांवर तपकिरी डाग पडतात. तेथील मुलामुलींच्या बाबतीत 'हसतील त्यांचे दात दिसतील' ही म्हण क्रूर होऊन बसते. ती तोंडावर हात ठेवून हसतात. अशांपैकी अनेकांना आराखडा लागत नाही. डाग वरवरचे असतील तर एनॅमलचा अत्यंत पातळ थर घासून ते फिके करता येतात, आणि खर्चही कितीतरी कमी येतो. गरज आहे तेथे साधा उपचार पोचत नाही आणि दात मुळात निरोगी असतात तेथे पडदा उजळतो, ही गोष्ट समाधानाच्या टक्केवारीत कोठेच उमटत नाही, कारण प्रश्नावली खुर्चीपर्यंत पोचलेल्यांनाच मिळते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, आणि २००८ साली दिल्लीतल्याच एका खटल्यात स्पष्ट केले की तपासणीसाठी दिलेली संमती ही पुढच्या उपचाराची संमती ठरत नाही; उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला सांगितले पाहिजेत. तो खटला दातांचा नव्हता. तरी पडद्यावरच्या चित्राला मान डोलावणे आणि दात घासू देणे या दोन वेगवेगळ्या संमती आहेत, असे मी त्यातून समजतो.

तेव्हा येथील कोणत्याही दवाखान्यात जाल तेव्हा चाचणी-रूप तोंडात ठेवून घरी जाऊन येता येईल का, हे विचारावे. काही दंतवैद्य ते एक-दोन दिवस राहू देतात. त्या अवधीत भाकरी खावी, फोनवर गावी बोलावे, घरच्यांना दाखवावे. व्हिनिअर किती वर्षे टिकेल, बदलण्याचा खर्च काय, आणि दात न घासता नुसते उजळवून किंवा तारा लावून काम भागेल का, हेही त्याच भेटीत विचारावे. उत्तरे लेखी मिळाली तर फार बरे.