मागच्या भिंतीवरून पुढच्या भिंतीवर

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या राष्ट्रीय कलादालनात २०२४ च्या फेब्रुवारीत एक प्रदर्शन सुरू झालं. एस्थर म्हालांगू या न्देबेले जमातीच्या चित्रकर्तीच्या आयुष्यभराच्या कामाचं. त्याचं नाव मोठं गोड होतं : ‘तेव्हा मला कळलं, मला चित्रं चांगली जमतात.’

या नावामागे त्यांनीच सांगितलेली हकिगत आहे. एस्थरबाईंचा जन्म १९३५ चा. दहाव्या वर्षापासून त्या आई आणि आजीकडून भिंती रंगवायला शिकू लागल्या. मोठ्या बायका जरा विसाव्याला गेल्या, की ही पोर त्यांच्या भिंतीवर आपला हात चालवायची आणि बोलणी खायची. शेवटी तिला घराची मागची भिंत देऊन टाकली. तिथे कोणाला दिसणार! हळूहळू हात बसला आणि एके दिवशी तिला पुढच्या भिंतीवर बोलावणं आलं. झाली परीक्षा, लागला निकाल.

न्देबेले घरांच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या. त्या रंगवायच्या बायकांनी, विशेषतः घरातला मुलगा वयात येऊन त्याचा दीक्षाविधी ठरला की. रंग म्हणजे पांढरी, पिवळी, तांबडी माती आणि काजळी. पावसात ते धुऊन जात, मग पुन्हा नव्याने काढायचे. कुंचला कोंबडीच्या पिसाचा. पट्टी नाही, आधी आखून घेणं नाही, आणि तरी रेघ अगदी ओळंब्यात!

‘पूर्वजांचा वारसा’ म्हटलं की आपल्याला हजारो वर्षांपूर्वीचं काही आठवतं. इथे तसं नाही. १८८३ साली बोअर लोकांच्या प्रजासत्ताकाने न्देबेलेंचा पराभव केला. जमिनी गेल्या आणि माणसं पाच-पाच वर्षांसाठी गोऱ्यांच्या शेतांवर राबायला वाटून दिली गेली. विखुरलेल्या या जमातीच्या भिंतींवर ही नक्षी फुलली, ती त्यानंतर. शेतमालकाला ती नुसती सजावट वाटे, पण आपल्या माणसाला दुरून ओळख पटे, असं अभ्यासक सांगतात. पुढे दुकानातले भडक रंग आले, नक्षीत चक्क दाढीच्या पात्याचा आकारही शिरला. आजीबाईंनी त्याला नावं ठेवली असतील का, कोण जाणे!

१९८९ मध्ये पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात एस्थरबाईंनी आपल्या घराची प्रतिकृती लोकांसमोर रंगवली. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने त्यांच्याकडून मोटार रंगवून घेतली. अँडी वॉरहॉलसारख्यांनी केलेलं हे काम मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. केपटाऊनच्या प्रदर्शनात तीही गाडी होती.

भिंतीवरची कला मोटारीवर गेली की तिचा माल होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. १९८० नंतर दहा-अकरा वर्षं एस्थरबाई बोत्शाबेलो इथल्या खुल्या संग्रहालयात काम करत होत्या. पर्यटक घरांचे रंग कौतुकाने पाहत. घर रंगवणाऱ्या बाईला मात्र देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं, ते १९९४ मध्ये मिळालं. पण म्हणून दोष कलेला द्यायचा का? मला तसं वाटत नाही. कॅनव्हासवरची नक्षी पावसात धुऊन जात नाही, ती पुन्हा काढण्यासाठी शेजारणी जमत नाहीत, ही उणीव मात्र खरी. एस्थरबाईंना ती जाणवली असावी. गावी आपल्या घराच्या आवारात त्यांनी शाळा काढली आणि पोरांच्या हाती कोंबडीची पिसं दिली.