एका कुंपणातला मुलूख

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात एक जमीन विक्रीस निघाली. तिचे क्षेत्रफळ पाच लाख एकरांहून अधिक, म्हणजे सुमारे आठशे चौरस मैल होते. दिल्लीतील श्रोत्यांनी आपल्या सबंध प्रदेशाचा विस्तार डोळ्यांपुढे आणावा. तो या जमिनीहून लहान आहे. गोव्यातील श्रोत्यांनी अर्धा गोवा कल्पावा. तो तिच्यात सामावून वर काही जागा उरेल. सहा काउंट्यांत पसरलेली ही मालमत्ता म्हणजे वॅगनर रँच. एका सलग कुंपणात असलेली अमेरिकेतील सर्वांत मोठी रँच अशी तिची ख्याती होती. मागितलेली किंमत होती साडेबहात्तर कोटी डॉलर.

रँच या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ती केवळ शेती नव्हे, आणि केवळ कुरणही नव्हे. गुरांसाठी चराऊ रान, गव्हासाठी नांगरट, शिकारीसाठी राखलेले जंगल, आणि वॅगनरांच्या बाबतीत जमिनीखालचे खनिज तेल, असे सारे तेथे एका मालकाच्या हाती होते. अशी मालमत्ता विकली जाते तेव्हा नेमके काय विकले जाते, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

प्रथम या आकाराचे कारण पाहिले पाहिजे. हा मुलूख टेक्सासच्या उत्तर भागात, रेड नदीच्या दक्षिणेस आहे. पाऊस वर्षाला पंचवीस ते अठ्ठावीस इंच, तोही बेभरवशाचा. अशा रानात एका गाईमागे साधारणपणे वीस-पंचवीस एकर जमीन धरावी लागते. महाराष्ट्रात १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आहे. १९७५ च्या दुरुस्तीनंतर कोरडवाहू जमिनीची मर्यादा एका कुटुंबाला ५४ एकर अशी ठरली. टेक्सासच्या त्या रानात ५४ एकरांवर जेमतेम दोन गाई पोसल्या जातील. तेव्हा तेथील विस्तारामागे केवळ हाव होती असे म्हणता येणार नाही. हवामानाचाही त्यात वाटा होता. अर्थात दोन गाईंपासून पाच लाख एकरांपर्यंत जाण्यास हवामानाखेरीज माणसाची महत्त्वाकांक्षाही लागते, हे खरेच आहे.

ती महत्त्वाकांक्षा डॅन वॅगनर यांच्यापाशी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी थोड्या गुरांनिशी आरंभ केला. त्या काळी रान मोकळे होते. १८७४ साली जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि मोकळ्या रानाचा अंत जवळ आला. ज्याने आधी तार ओढली त्याचे रान झाले. डॅन यांचे पुत्र विल्यम थॉमस यांनी हा पसारा वाढविला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी गुरांच्या पाण्यासाठी विंधणी खोदविल्या, तेव्हा तेल लागू लागले. दुष्काळी मुलखातील पशुपालकाला तेलापेक्षा पाणी अधिक मोलाचे. त्यामुळे आरंभी त्यांना याचा त्रासच वाटला, असे सांगतात. पुढे १९११ मध्ये इलेक्ट्रा गावाजवळ तेलाचा मोठा झरा फुटला आणि पशुपालकाचे कुटुंब तेलसम्राट बनले.

रानाचे हे तीन उपयोग, म्हणजे चराई, शेती आणि शिकार, परस्परांना कसे धरून असतात हे पाहण्यासारखे आहे. तेथे शरद ऋतूत गहू पेरतात आणि हिवाळ्यात त्या कोवळ्या गव्हात वासरे चारतात. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये गव्हाची कांडी पोकळ होऊन वर चढू लागते; त्याआधी गुरे बाहेर काढली, तर जूनच्या सुमारास त्याच शेतातून दाणाही मिळतो. चार दिवस उशीर झाला तर कणसाचा कोंबच गुरांच्या तोंडी जातो. एका पिकाचे दोन उपयोग करणारी ही युक्ती अचूक वेळेवर अवलंबून आहे.

शिकारीचा हिशेब याहून नाजूक. तेथील लावा पक्ष्याला झुबक्यांचे गवत घरट्यासाठी, मोकळी माती चालण्यासाठी आणि झुडपे लपण्यासाठी लागतात. गुरे फार झाली तर गवत जाते आणि लावे जातात. मेस्किटची झुडपे समूळ काढली तर गवत वाढते, पण आसरा जातो. ही मेस्किट म्हणजे आपल्याकडे वेड्या बाभळीच्या नावाने माळ गिळीत चाललेल्या झाडाची सख्खी बहीण. गुरे तिच्या शेंगा खातात आणि शेणावाटे बी दूरवर पसरवितात. म्हणजे जी गुरे चरावीत म्हणून रान राखले, तीच त्याचा नाश पेरीत हिंडतात. काढावे किती आणि ठेवावे किती, हा निर्णय शेतकरी, गुराखी आणि शिकारी यांनी स्वतंत्रपणे घेतला, तर तो तीन प्रकारचा होईल. रँचमध्ये तो एकाच मालकाला घ्यावा लागतो.

कायद्यानेही हे उपयोग एकत्र बांधले आहेत. टेक्सासमध्ये वन्य पशू राज्यातील जनतेचे मानले जातात. परंतु ज्या जमिनीवर ते फिरतात तिच्यात पाऊल टाकण्यास मालकाची परवानगी लागते. ही परवानगीच मालक हंगामापुरती भाड्याने देतो, आणि हरिण, लावे, टर्की यांच्या शिकारीचे उत्पन्न त्याला मिळते. शेतीसाठी असलेली करसवलत वन्यजीवांच्या जोपासनेसही मिळावी, असा निर्णय तेथील मतदारांनी १९९५ मध्ये दिला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली. त्यामुळे हा व्यवहार आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु तेथे अनेक राने याच उत्पन्नावर नांगराखाली जाण्यापासून वाचली आहेत.

आता विक्रीकडे वळू. १९२३ साली विल्यम थॉमस यांनी सारी मालमत्ता एका न्यासात बांधली. जमीन तुटू नये हा हेतू असावा. जमीन तुटली नाही; माणसे तुटली. १९९१ मध्ये कुटुंबातील एक शाखा न्यायालयात गेली. मालमत्ता विकून पैसे वाटावेत असे एकीचे म्हणणे. वाटणी करून ज्याची त्याची जमीन द्यावी असे दुसरीचे. वीस वर्षांहून अधिक काळ हा दावा चालला. अखेरीस सारी रँच अखंड विकावी असे ठरले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रीडासंघांचे मालक म्हणून प्रसिद्ध असलेले स्टॅन क्रोएन्की यांनी ती विकत घेतली. जमीन सलग राहिली. चराई, शेती आणि शिकार यांचा जो मेळ वर सांगितला, त्याच्या दृष्टीने हे इष्टच झाले.

परंतु या रँचच्या हद्दीत डायव्हर्जन नावाचा एक तलाव आहे. त्याच्या काठी अनेक कुटुंबांनी घरे बांधली होती. घर त्यांचे, जमीन रँचची, आणि मध्ये भाडेपट्टा. कित्येकांनी निवृत्तीनंतर आपली पुंजी त्या घरांत घातली होती. विक्रीनंतर त्याच वर्षी त्यांना सूचना मिळाली की जानेवारी २०१७ च्या अखेरीपर्यंत जागा सोडावी. नव्या मालकाने कायदा मोडला नाही. जुन्या मालकांनी पट्टे वर्षानुवर्षे चालू ठेवले, हा हक्क नव्हता, सौजन्य होते. आणि सौजन्याची नोंद खरेदीखतात होत नाही.

याच घराण्याच्या इतिहासात याचे उलटे उदाहरण आहे. कोमांची आणि त्यांच्या शेजारच्या जमातींच्या मालकीचे, रेड नदीपलीकडचे विस्तीर्ण कुरण वॅगनरांनी भाड्याने घेतले होते. १९०५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तेथे लांडग्यांच्या शिकारीस आले. जॅक अबरनॅथी नावाचा गडी धावत्या लांडग्याच्या जबड्यात हात घालून त्याला जिवंत पकडीत असे. ते पाहून अध्यक्ष थक्क झाले. पुढच्याच वर्षी सरकारने ते कुरण वसाहतीसाठी खुले करण्याचा कायदा केला. पट्टेदारांना गुरे हलवावी लागली, आणि ज्या जमातींचे ते रान होते, त्यांच्या हातून ते कायमचे गेले. भाडेपट्ट्यावरचा माणूस किती उपरा असतो, याचा अनुभव वॅगनरांनाही होता तर.

आपल्या सातबाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. बोजा, कूळ, वहिवाटीची वाट अशा गोष्टी त्यात लिहिल्या जातात. कारकुनी दृष्टीला तो रुक्ष वाटतो. पण मालक बदलतो त्या दिवशी त्याचा अर्थ कळतो. जे त्यात लिहिलेले असते ते नव्या मालकाला बांधते. जे लिहिलेले नसते ते जुन्या मालकाबरोबर निघून जाते. मोठी मालमत्ता अखंड राहावी हे रानाच्या, गवताच्या आणि पाखरांच्या दृष्टीने अनेकदा हिताचे असते. परंतु त्या अखंडतेत जी माणसे राबली आणि राहिली, त्यांचा हक्क विक्रीपूर्वी कागदावर आला पाहिजे. विक्रीनंतर त्यासाठी केलेली विनंती न्याय्य असूनही दुबळी ठरते.